आम्ही तिघी, आमचे हे गेल्यानंतर

तीन बायका, तिघींचे नवरे अचानक गेलेले, म्हटलं की लोकांना वाटतं, या भेटल्या की रडतच असणार. रडतो की! पण मधेच काहीतरी होतं आणि रडायचं राहून जातं. असे किस्से इतके साठलेत, की कुठला आधी घडला तेही आता मला धड सांगता येत नाही.

*

माझे हे सकाळी अंघोळीला गेले ते बाहेर आलेच नाहीत. हार्ट अटॅक. त्यानंतर पहिल्यांदा एकटी घराबाहेर पडले आणि धामणकर नाक्यावर शेअर रिक्षात बसले.

"मॅडम, कुठे?" रिक्षावाल्यानं विचारलं.

मला आठवेचना! शेजारी बुरख्यातली एक बाई होती. तिला म्हटलं, "तुम्ही सांगा आधी."

ती म्हणाली, "मी तर तुम्ही काय सांगता त्याचीच वाट बघतेय!"

दोघी लास्ट स्टॉपला उतरलो आणि टपरीवर चहा प्यायलो. तिचा नवरा त्याच महिन्यात कापड विणायच्या लूमवर उभ्या उभ्या कोसळला होता. ती शबानाआपा. त्या दिवशी कुठं निघालो होतो, ते दोघींना अजून आठवलेलं नाही.

*

कुंदाताई अंबाडीकडची. हायवेवर ट्रकनं तिच्या नवऱ्याची बाईक उडवली. मग ती लेकीकडे राहायला आली, माझ्याच मजल्यावर; लेकीकडे येणं-जाणं असल्यानं दोघांना मी आधीपासून ओळखायचे.

एकदा तिच्याकडे गेले तर ही तोंड वाकडं करून बिनसाखरेचा चहा पीत होती.

"शुगर झाली का गं?"

"न्हाय. ह्यांना शुगर व्हती. हात सवयीनं त्यांचा पन कप भरतो. टाकवत न्हाय, म्हून पिते."

"मग साखर घाल की त्यात!"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच वेडी आहे. "त्यांच्या चहात?"

*

नवरा गेल्यावर शबानाआपानं घराखालचे लूम बंद केले. लग्न झाल्यापासून ती त्या खडखडाटावर झोपत आलेली. आता शांततेत तिचा डोळा लागेना. डॉक्टरच्या गोळ्याही चालेनात.

एका दुपारी आम्ही तिला शेजारच्या कारखान्यात नेलं. सगळे लूम चालू, एकमेकींचं बोलणं ऐकू येत नव्हतं. आपा कापडाच्या गठ्ठ्यावर टेकली आणि घोरायला लागली!

कारीगर घाबरून धावत आला. "भाभी को क्या हुआ?"

"कुछ नहीं, भैया," मी ओरडले. "तुम मशीन बंद मत करना!"

*

संक्रांतीत समोरच्या वहिनींनी मला हळदीकुंकवाला बोलावलं. सवयीनं. सोबत दोघींना घेऊन गेले. मीही सवयीनंच!

वहिनींनी कुंकवाचं बोट माझ्या कपाळापर्यंत आणलं आणि तिथंच थांबल्या. बोट ना पुढं जाईना, ना मागं. मला तर हसू की रडू तेच कळेना.

शेवटी शबानाआपानं वाणातला प्लास्टिकचा डबा उचलून माझ्या हातात दिला. "वहिनी, डबा तरी देऊ द्या. डब्याला काय कळतंय?"

*

पडघ्याच्या बाजारात कुंदाताई चालता चालता थांबली. "ते बघ. ते हायत."

पुढे एक माणूस पाठमोरा चालला होता. तसाच शर्ट, एका खांद्यानं झुकलेली तशीच चाल. कुंदाताईच्या नवऱ्याचं बारावं जेवलेली मी! तरी निघाले तिच्यामागे. आपाही निघाली. कोणी कोणाला अडवलं नाही. क्षणभर मलाही वाटलं, असेल बाई, काय सांगावं.

भाजीवाल्यापाशी तो वाकला आणि वांगी निवडायला लागला.

"वांगी?" कुंदाताई चिडलीच. तरातरा त्याच्याजवळ गेली.

त्यानं मागं वळून पाहिलं. चेहरा वेगळा, डोळे वेगळे. कोणी भलताच माणूस! आता ही खाली बसते की काय, म्हणून आम्ही दोघींनी तिचे दंड धरले.

पण ती त्याला म्हणाली, "वांगी नका घेऊ. अंगाला खाज सुटंल तुमच्या."

मग त्यानं एकेक वांगं परत टोपलीत ठेवलं.

"बरं," तो म्हणाला. "मग काय घेऊ?"

"भेंडी," कुंदाताई म्हणाली. "कवळी बघून घ्या."