भोपळ्याला पहिली सुरी

आमच्याकडे अख्खा लाल भोपळा बाईने कापायचा नसतो. पुरुषाने आधी सुरी लावायची, एक फोड वेगळी करायची आणि मग पुढचं सगळं बाईने करायचं. साल काढायची, चिरायचा, शिजवायचा, वाढायचा. भोपळा म्हणजे घरचा थोरला मुलगा, असं आई सांगायची. मुलावर आईने सुरी कशी चालवायची? मग थोरली मुलगी म्हणजे कोणती भाजी, असं मी एकदा विचारलं होतं. आई नुसती हसली.

वडील एसटीत कंडक्टर होते. मुक्कामाची गाडी असली की ते दुसऱ्या दिवशी घरी यायचे आणि तोवर भोपळा फळीवर बसून राहायचा. एकदा पाहुणे जेवायला यायचे होते, भरीत करायचं ठरलं होतं आणि वडील ड्यूटीवर. आई दारात उभी राहून रस्त्याने कोणी पुरुष जातोय का बघत होती. शेवटी पोस्टमन आले.

"पोस्टमनकाका, जरा भोपळ्याला सुरी लावता का?"

त्यांनाही यात काही विशेष वाटलं नाही. खांद्यावरची पिशवी न उतरवता ते उंबऱ्याशी वाकले, सुरी दाबली, "झालं का वहिनी?" म्हणाले आणि सायकलवर बसून निघून गेले. भोपळा घसरू नये म्हणून तो दोन्ही हातांनी धरून मी खाली बसले होते. धरायला मुलगी चालत होती.

त्याच घराने मला शिकवलं, हेही लगेच सांगायला हवं. माझ्याआधी आमच्याकडे कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. नगरपालिकेच्या शाळेतून निघालेली मुलगी सोलापूरला इंजिनिअरिंगला जाणार म्हटल्यावर नातेवाईक विचारायला आले, "पोरीला हॉस्टेलवर ठेवणार?" वडील म्हणाले, "ठेवणार." पुढे बोलणंच नाही. आज नॉर्थ कॅरोलिनातल्या मॉरिसव्हिलमध्ये औषधांच्या कंपनीत मी इंजिनिअर आहे, ती त्या एका शब्दामुळे. ते उपकार मी रोज आठवते. पण उपकार आठवायचे म्हणजे घरातून मिळालेली प्रत्येक गोष्ट डोक्यावर घेऊन चालायचं, असं मला वडिलांनी कधी सांगितलं नाही.

आणि तरी एक गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. अमेरिकेत आल्यापासून मी भाजीसाठी अख्खा भोपळा कधी घेतलाच नव्हता. दुकानात कापलेल्या फोडी प्लॅस्टिकच्या डब्यात मिळतात, त्याच मी आणत होते. सोयीचं पडतं, असं मी स्वतःला सांगत असे. हॅलोविनचा भोपळा तेवढा अख्खा यायचा आणि तो नवरा कोरायचा. दोन त्रिकोणी डोळे, एक वाकडं तोंड, झालं. मुलगी शेजारी बसून बिया काढायची. आमचं काहीतरी वेगळं चाललंय असं कोणालाच वाटत नव्हतं, मलाही नाही.

यंदा मुलगी तिसरीत गेली आणि तिने जाहीर केलं की भोपळा तीच कोरणार. आमच्या गल्लीत हॅलोविनच्या संध्याकाळी मुलं दारोदार चॉकलेट मागत फिरतात आणि प्रत्येक दारातल्या भोपळ्यापाशी थांबून "हा कोणी कोरला?" असं विचारतात. तिने आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, "आमचा मी." नवरा ऑफिसच्या कामाने बॉथेलला गेला होता, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. तो नेमका हॅलोविनच्या संध्याकाळी विमानाने परत येणार होता. घरात आम्ही तिघी. मी, मुलगी आणि थंडीपर्यंत राहायला आलेल्या सासूबाई.

मुलीच्या आवडत्या कार्टूनमध्ये एक चष्मेवाली मांजर आहे. तिचा छापा इंटरनेटवर फुकट मिळाला. काळं दिसतं तेवढं कापायचं, पांढरं तसंच ठेवायचं. मी तो प्रिंट करून आणला. पण कागद सपाट आणि भोपळा गोल. चिकटवला की मांजरीच्या गालाला चुण्या पडत. सासूबाई सोफ्यावरून बघत होत्या. त्या उठल्या, कात्री घेतली आणि कागदाच्या कडेला चारी बाजूंनी छोटे छेद दिले. ब्लाउजला टक्स घ्यावेत तशा कागदाच्या कडा एकावर एक बसल्या आणि मांजर भोपळ्यावर अंगासरशी बसली.

"आता भोकं पाडायची ना? आण इकडे," त्या म्हणाल्या.

कागद परत काढला. आम्ही लहानपणी रांगोळीचा ठिपक्यांचा कागद करायचो तसा त्यांनी टेबलावर पसरला आणि उदबत्ती पेटवून तिच्या टोकाने रेषेवर एकेक भोक जाळत गेल्या. टाचणीने टोचलं तर भोक मिटतं, जाळलं की मिटत नाही. हे मलाही माहीत होतं. डोक्यावर धुराचा अलार्म आहे हे मात्र दोघीही विसरलो. मांजरीचा एक कान होतोय न होतोय तोच तो किंचाळायला लागला. मुलगी कानावर हात ठेवून हसत सुटली, मी खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालू लागले आणि सासूबाई उदबत्ती मागे लपवून म्हणाल्या, "पोलीस येतात का गं याला?"

उरलेली भोकं मागच्या अंगणात पूर्ण झाली. मग कागद भोपळ्यावर चिकटवला, चिमटीने पांढरी रांगोळी घासली आणि कागद अलगद काढला. नारिंगी सालीवर ठिपक्याठिपक्यांची मांजर उमटली. "आजी, यू आर अ जीनियस!" मुलगी ओरडली. सासूबाईंनी स्वतःच बोटाच्या टोकाने ठिपके सारखे केले. त्या दोघींना असं डोक्याला डोकं लावून बसलेलं मी प्रथमच पाहत होते.

इथली हवा ऑक्टोबरअखेरही दमट असते, कोरलेला भोपळा लगेच बुरसतो. म्हणून कापायचं काम हॅलोविनच्या दिवशीच, दुपारी. मुलगी शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि मुलांसाठी मिळते ती छोटी करवत घेऊन भोपळ्यासमोर बसली.

"थांब, थांब," सासूबाई म्हणाल्या. "बाबा येऊ दे."

"बाबा लेट येणार आहे. तोपर्यंत सगळे येऊन जातील."

"मग आल्यावर जरा सुरी टेकवेल. तू नंतर काप हवं तेवढं."

"व्हाय?"

"मुलींनी पहिली सुरी लावायची नसते बाळा."

मुलगी आजीकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. "बिकॉज आय ॲम अ गर्ल?"

तिचा आवाज चिडका नव्हता. तिला खरंच माहिती हवी होती. शाळेत एखादा नियम कळला नाही की विचारते, तसं. मी हो म्हणाले असते तर तिने ते मान्य केलं असतं, हीच भीतीची गोष्ट होती. मी पण केलंच होतं ना मान्य. भोपळा धरून बसले होते.

मी उत्तर देण्याआधी सासूबाईंनी दार उघडलं. शेजारच्या घरातले नागपूरचे काका रोज त्या वेळी फेरी मारतात. मुलाकडे राहायला आलेले, निवृत्त, ऊन असलं तरी कानटोपी घालणारे.

"भाऊजी, जरा येता का? भोपळ्याला सुरी लावायची आहे."

"अरे बाप्पा, एवढंच ना? आणा सुरी," म्हणत काका बूट काढून आत आलेसुद्धा. जगाच्या या टोकालाही पोस्टमन सापडला होता.

मुलीने भोपळ्याला दोन्ही हातांनी मिठी मारली. "नो! इट्स माय पम्पकिन."

"तुझाच आहे बेटा. मी फक्त उद्घाटन करतो," काका हसत म्हणाले. ते खरंच चांगले गृहस्थ आहेत. मला त्यांचा राग आला नाही, आणि त्यामुळे नाही म्हणणं आणखी अवघड होतं. अशा गोष्टी नेहमी चांगल्या माणसांच्या हातूनच होतात. पोस्टमनकाकाही चांगलेच होते.

मी म्हणाले, "काका, तुम्ही चहा घ्या. सुरी नको."

सासूबाईंचा चेहरा उतरला. त्या मला ओट्याकडे घेऊन गेल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "अगं, तो विमानात आहे आत्ता. आजच्या दिवशी तरी नको ना. मी काय तिला कायमचं नाही म्हणतेय?"

एकुलता एक मुलगा, ढगात कुठेतरी. मला त्यांची भीती खोटी वाटली नाही, आजही वाटत नाही. क्षणभर मनात आलं, जाऊ दे, काकांनी एक रेघ मारली तर काय बिघडतं? मग मला कळलं की माझ्या आईनेही प्रत्येक वेळी हेच म्हटलं असणार. जाऊ दे. तिच्या आईनेही. प्रत्येक वेळी पाहुणे येणार असतात, कोणीतरी प्रवासात असतं, दिवस कधीच बरा नसतो.

"आई," मी म्हणाले, "भोपळा कापल्याने तुमच्या मुलाला काही होणार नाही. पण आज काकांनी सुरी लावली तर हिला काहीतरी होईल. आणि ते मला माहीत आहे, कारण मला झालंय."

"शिकलीस म्हणून बोलतेस."

"हो. शिकले म्हणूनच बोलतेय. शिकवलं ते याचसाठी, असं मी धरून चालते."

यापेक्षा मऊ बोलता आलं असतं. मी बोलले नाही. सासूबाई त्यांच्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. आतून जपाचा पुटपुटता आवाज येऊ लागला.

मी टेबलापाशी बसले आणि भोपळा दोन्ही हातांनी धरला. पोस्टमनकाकांसाठी धरला होता, तसाच. "चल," मी मुलीला म्हणाले. "आधी वरचं झाकण. करवत तिरपी धर, आतल्या बाजूला. सरळ कापलंस तर झाकण आत पडेल."

तिने देठाजवळ करवत टेकवली. साल तिला वाटलं त्यापेक्षा टणक होती. ओठ दाबून तिने जोर लावला, मी भोपळा घट्ट दाबून धरला आणि एकदम टोक आत गेलं. कच्च्या भोपळ्याचा तो ओलसर वास आला. तिने माझ्याकडे बघितलंही नाही, कापतच राहिली. ते मला फार आवडलं.

काका चहा पीत बघत होते. "अरे बाप्पा, ही पण इंजिनिअरच होणार दिसते," म्हणाले.

"डॉक्टर," मुलगी मान वर न करता म्हणाली.

डॉक्टरांकडून चूक झालीच. चष्म्याची काच तिने गोल पूर्ण कापली, त्यामुळे आतलं बुबुळ सुटून भोपळ्याच्या पोटात पडलं. दोन मिनिटं रडारड. मग काकांनीच आपली कानटोपी वर सारून आत हात घातला, बुबुळ शोधून काढलं आणि आम्ही ते टूथपिकने परत टोचून बसवलं. मांजर जरा चकणी झाली. पण रांगोळीच्या ठिपक्यावरून तिने ओठांची रेघ अशी सुरेख कापली की मला नवऱ्याच्या वाकड्या तोंडाची कीव आली.

अंधार पडता पडता मुलं येऊ लागली. दारातल्या भोपळ्यात दिवा लावला होता, चकणी मांजर झळकत होती. "हू कार्व्ह्ड दिस?" कोणीतरी विचारलं. चॉकलेटचं भांडं धरून उभी असलेली माझी मुलगी म्हणाली, "मी," मराठीत. मग त्यांना कळलं नाही म्हणून इंग्रजीत परत सांगितलं. "ऑल ऑफ इट." मी आतून ऐकत होते. हे 'ऑल ऑफ इट' तिला खोटं न बोलता म्हणता आलं, एवढ्यासाठी मी दुपारी सासूबाईंना दुखावलं होतं आणि पुन्हा दुखावलं असतं.

नवऱ्याचा फोन आला, विमान उतरलं. सासूबाई खोलीतून बाहेर आल्या, त्याच्याशी बोलल्या, डोळे पुसले. मी त्यांना "बघा, काही झालं का?" असं विचारलं नाही. तो सुखरूप आला म्हणून माझं म्हणणं खरं ठरलं, असं मी मानत नाही. विमान ढगात होतं तेव्हाही ते खरंच होतं.

घरी आल्यावर त्याने सगळी हकीकत ऐकली आणि मला म्हणाला, "मी आल्यावर जरा सुरी टेकवली असती तर सगळ्यांचंच भागलं असतं ना यार."

"तुला आवडतं का भोपळ्याचं भरीत?" मी विचारलं.

"हो, का?"

"आता दर वेळी मीच कापणार. अख्खा."

तो हसला. मी हसले नाही.

पुढच्या शनिवारी मी देशी दुकानातून भाजीचा अख्खा लाल भोपळा आणला आणि ओट्यावर ठेवला. नवरा घरातच होता, पलीकडे लॅपटॉपवर. सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी सुरी काढली.

"घारगे करणार आहेस?" त्यांनी विचारलं.

"हो."

त्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. मी भोपळा कापला. मुलीला हाक मारली नव्हती, तरी ती येऊन तो दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. मी म्हटलं, "धरू नकोस, तू पण काप," आणि तिला दुसरी सुरी दिली.

सगळ्या फोडी झाल्यावर सासूबाई बाहेर आल्या. पदर खोचला आणि किसणी ओढून गूळ किसायला घेतला. "वेलदोडा कुठे ठेवलास?" एवढंच विचारलं. आमचं एकमत झालेलं नाही. अजूनही मी अख्खा भोपळा आणला की त्या खोलीत जातात आणि कापून झाला की येतात. मला ते चालतं. मी त्यांना थांबवत नाही, आणि त्या येईपर्यंत मीही थांबत नाही.