फरशीवरची कोडी आणि नसरीन मॅडम

नसरीन मॅडम माझ्या डोक्यात जायच्या.

काल त्या गेल्या. आज हे लिहितानाही मी त्यांच्यावर जळतेय. कोणाला वाईट वाटलं तर वाटू द्या.

आमची शाळा अकोटपासून अर्ध्या तासावरच्या गावात. त्यांच्याकडे दुसरी, माझ्याकडे तिसरी. आठ वर्षं आम्ही दोघी एकाच एसटीने गेलो-आलो, एकमेकींच्या डब्यातलं खाल्लं.

पोरांना इंग्रजीतली क्रियापदं शिकवायची होती. रन, जम्प, क्लॅप, थ्रो. स्पेलिंगसकट.

मी प्रत्येक शब्द दहादा लिहून घ्यायचे. मी तशीच शिकले, मला आलं, मग यांना का येऊ नये?

नसरीन मॅडमनी वरांड्याच्या फरशीवर खडूने मोठे चौकोन आखले. प्रत्येकात एक अक्षर, सगळी उलटसुलट. त्यात एक शब्द लपलेला.

आधी मॅडम तोंडातून शब्द न काढता ती कृती करून दाखवणार. पोरांनी शब्द ओळखायचा आणि तीच कृती करत एकेका अक्षरावर जायचं. 'जम्प'ला उड्या मारत. 'स्वीप'ला झाडू मारत. 'पिक'ला तर सगळी पोरं कापूस वेचल्यासारखी वाकून चालायची. अक्षर चुकलं की बाकीचे ओरडायचे, "वापस ये, वापस ये!"

पन्नाशी उलटलेली बाई. एसटीची पायरी चढताना माझा हात धरायची. आणि वरांड्यात बेडकासारखी उड्या मारायची!

माझा वर्ग खिडकीतून बघत बसायचा.

एक दिवस माझ्या वर्गातली श्रावणी सरळ म्हणाली, "मॅडम, मले पुन्हा दुसरीत टाका ना."

मी तिला वही आणायला सांगितलं आणि अजून दहादा लिहायला लावलं. एवढी जळले होते मी.

आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या गावांतल्या शाळांच्या, सगळ्या शिक्षकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. शाळेत पान हललं तरी त्याचा फोटो तिथे टाकावा लागतो. नसरीन मॅडमच्या फोनचा कॅमेरा बिघडलेला.

"मॅडम, तुमचा मोबाईल चांगला हाये. तुमीच टाका ना फोटो," त्या म्हणाल्या.

मी टाकले. खाली त्यांचं नाव लिहायचं राहिलं.

केंद्रप्रमुखांचं लगेच उत्तर. "वा वर्षा मॅडम! नावीन्यपूर्ण उपक्रम! अभिनंदन!"

मग अंगठ्यांची आणि फुलांची रांग लागली.

तेव्हाच एक ओळ लिहायची होती. मी हात जोडल्याचे दोन इमोजी टाकले.

शेवटचा अंगठा नसरीन मॅडमचा होता.

पुढे मला अकोल्याला बोलावलं, शिक्षकांसमोर ते करून दाखवायला. निघायच्या आदल्या दिवशी नसरीन मॅडमनी पिशवी आणून दिली. आत जुनी चादर, तिच्यावर मार्करने काढलेले चौकोन.

"तिथं फरशीवर खडू चालू देतीन का नाही, कोन जाने. हे अंथरा."

मला लाज वाटली. पण चादर घेतली.

अकोल्यात एकीने विचारलं, "मॅडम, हे सुचलं कसं?"

"मुलांचं निरीक्षण करता करता," मी म्हणाले.

टाळ्या. प्रमाणपत्र. त्याचा फोटो याच प्रोफाइलवर आहे. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी लाइक केलाय.

नसरीन मॅडम भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या दुसऱ्या दिवशी एसटीत नेहमीसारख्या भाजीचे भाव सांगत बसल्या. त्याचाही मला राग आला.

आज सकाळपासून ग्रुपवर श्रद्धांजलीचे मेसेज येताहेत. त्यात एकाने लिहिलं, "वर्षा मॅडमच्या शब्दकोड्यांच्या उपक्रमात त्यांनी मोलाची साथ दिली."

मी जेवत होते. ताट बाजूला सारलं.

तशाच खरकट्या हाताने टाइप केलं. "ती कोडी त्यांची होती. एकूण एक. मी फक्त फोटो काढले आणि खोटं बोलले."



मग शेजारच्या गावच्या शाळेतल्या वानखडे सरांचा फोन आला.

"मॅडम, हे आमाले तवाचंच मालूम हाये. तुमच्या शाळेत आलो तवा वरांड्यात उड्या मारताना पाह्यलं ना आमी त्याइले."

"मंग बोलले काहून नाही, सर?"

"मी तर ग्रुपवर लिहूनच राहिलो होतो. त्याइलेच विचारलं आधी. त्या म्हने, राहू द्या सर. रोज एका एसटीत बसा लागते आमाले. वर्षा मॅडम खिडकीकडं तोंड करून बसतीन, मंग मी बोलू कोनासंग?"

मी फोन ठेवला.

एवढ्या वर्षांत एकदा तरी त्यांच्यापेक्षा वरचढ ठरावं म्हणून आज खरं लिहिलं होतं. माझ्या खोट्यासकट त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं होतं, आणि मला पत्ताही नव्हता.

आता त्यांच्या या मोठ्या मनाचाही हेवा वाटतोय.

नसरीन मॅडम, कोडी तुमची होती. सगळ्यांसमोर लेखी सांगितलंय. फार उशिरा सांगितलं, माफ करा.

तुम्हाला माझा अखेरचा सलाम.