अल्लीपूरचे काळे ठिपके

प्रा. शालिनीताईंची पहिली भेट अल्लीपूरला, आमच्या शाळेच्या संगणक खोलीत झाली. मी मराठीचा मास्तर. पण खोलीची किल्ली माझ्याकडे. अर्थशास्त्राच्या ताई वर्ध्याहून यायच्या आणि पडद्यावर गावचं शेत मांडायच्या. तण निंदणारी प्रत्येक बाई म्हणजे एक हिरवा ठिपका. काम गेलं की ठिपका काळा. मी वर्गात शिकवलेल्या कवितांतली शेतं गात असत, हे मात्र अगदी मुकं होतं.

त्या साली कास्तकारानं बायांच्या टोळीला बजावलं होतं की हात चालतो त्यांनीच यावं, म्हाताऱ्या कौसाबाईंना आणू नये. टोळीची रीत अशी, की आपली पात, म्हणजे वाट्याची निंदायची ओळ, आधी संपली की मागे वळून मागे पडलेलीची पात धरायची. ताईंच्या यंत्राला आधी ही रीत ठाऊक नव्हती. चूक कळल्यावर ताई काही दिवस टोळीसोबत निंदायला बसल्या, गणित पुन्हा मांडलं आणि बायांना पाहायला बोलावलं.

आधी रीत मोडून दाखवली. हात वेगानं चालू लागले, शेत तेवढंच राहिलं, एक ठिपका काळा झाला.

"मी कुठी आहो याच्यात?" कौसाबाईंनी विचारलं.

"थो काया दिसते ना, माय, थेच तू," शेजारची सिंधू म्हणाली. "गोरी त तू कधीच नव्हती."

सगळ्या हसल्या. तेवढ्यात दुसरा ठिपका काळा झाला.

"अन् हे कोन?" सिंधूनं विचारलं.

"तुम्ही," ताई म्हणाल्या. "सगळ्यात मागची गेली, की तिच्या पुढची मागची होते."

मग ताईंनी रीत पाळून दाखवली. कोणीच लगेच काळं झालं नाही. सगळ्यांचे कामाचे दिवस मात्र थोडे थोडे घटले. पुढे काय, असं कोणीतरी विचारलं. गोड बोलणं ताईंच्या स्वभावात नाही. तणनाशक आलं तर सगळेच ठिपके जातील, असं त्यांनी सांगितलं.

"मंग सारेच जाऊ," सिंधू म्हणाली. "हिले एकटीले नाई धाडत."

टोळीनं कास्तकाराचं ऐकलं नाही; कौसाबाई टोळीतच राहिल्या. काही हंगामांनी तणनाशकाची फवारणी आली आणि सारी टोळी एकदमच घरी बसली. ताईंनी सांगितलं होतं तसंच. त्या दिवशी ताई अल्लीपूरला आल्या आणि कौसाबाईंच्या ओसरीवर बसून राहिल्या. आपलं गणित बरोबर आलं याचं इतकं दुःख झालेला दुसरा विद्वान मी पाहिला नाही.

आज ताईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्या अजून गणित बदलून पाहतात: कामाचे तास वाटून, नवी कामं घालून. ठिपके अजून काळेच होतात. सारं शेत हिरवं राहिलेलं पडद्यावर दिसेपर्यंत ताईंचे डोळे आणि हात शाबूत राहोत. त्या दिवशी किल्ली घेऊन मी येईन. सिंधूला आणि कौसाबाईंनाही बोलावू.