दोन व्याही आणि गरम पाण्याची लाईन

गेल्या आठवड्यात आम्हा दोघा व्याह्यांना हॉस्पिटलमधून घरी हाकललं... आणि हाकललं ते माझ्याच बायकोने.

झालं असं, की माझी मुलगी मयूरी पहिल्या बाळंतपणासाठी आमच्याकडे सावेडीला आलेली. सकाळी कळा सुरू झाल्या म्हणून तिला ऍडमिट केलं. जावई तिच्याजवळ होते, आणि त्यांचे आईवडील राहुरीहून तातडीने आले. डॉक्टर म्हणाल्या, अजून बराच वेळ आहे.

मग मी आणि जावयांचे वडील बाबूराव बाहेर फेऱ्या मारायला लागलो. मी इकडून तिकडे, ते तिकडून इकडे... मध्ये गाठ पडली की दोघंही घड्याळाकडे बघायचो.

शेवटी शैला, म्हणजे आमची ही, बाहेर आली. "तुम्हाला बघून मलाच धडकी भरतेय. घरी जा आणि ते गरम पाण्याचं काम तरी उरका. काही झालं की फोन करते."

गरम पाण्याचं काम म्हणजे... आमच्या गच्चीवर सोलर आहे. तिथून पाईप उत्तरेच्या भिंतीवरून खाली बाथरूमपर्यंत येतो. आमच्या नगरच्या थंडीत पाणी खाली पोचेपर्यंत कोमट होतं, त्यात बोअरच्या क्षारांनी पाईप तुंबत आलेला. बाळ-बाळंतीण घरी यायच्या आत तो साफ करून वरून, ऊब टिकावी म्हणून, फोमची नळी चढवायची होती. सगळं सामान मी आणून ठेवलं होतं. प्लंबर मात्र गावाकडच्या लग्नाला गेला, तो तिकडचाच झाला.

बाबूराव आणि माझं तोवर फारसं बोलणं कधी झालंच नव्हतं. ते ऊसवाले शेतकरी, मी बँकेतून रिटायर झालेला. ते मला 'साहेब' म्हणायचे, मी त्यांना 'पाहुणे'. "बरं हाय ना साहेब?" "बरं आहे पाहुणे." मग दोघंही चहाच्या कपात बघत बसायचो...

गच्चीवर गेलो. मी व्हॉल्व्ह बंद केला, त्यांनी पान्हा लावून पाईपचा एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, सोडवला... आणि गार पाण्याचा असा फवारा उडाला, की आम्ही दोघंही नखशिखांत भिजलो. मी व्हॉल्व्ह भलताच बंद केला होता. आणि त्यांनी एल्बोही गार लाईनचा सोडवला होता.

बाबूराव तोंडावरचं पाणी निपटत म्हणाले, "साहेब, तुमी बँकेत नक्की काय करायचा?"

मी म्हटलं, "पाहुणे, तुम्ही उसाला पाणी असंच देता का?"

मग दोघंही जे हसायला लागलो ते थांबेचना. शेजारच्या काकू त्यांच्या गच्चीवरून बघत राहिल्या.

तो एल्बो परत बसवला. मग खरी लाईन शोधून, तिचाच व्हॉल्व्ह बंद करून सोडवली. आत चुन्यासारखा पांढरा थर... स्क्रू ड्रायव्हरने खरवडून काढला आणि पाईप परत जोडला. भिंतीवरचा भाग शिडी लावून आधी उरकला, मग गच्चीवर उन्हात पाठ शेकत आम्ही पाईपवर फोम चढवत सोलरकडे सरकत होतो. मी नळी धरायची, त्यांनी टेप गुंडाळायची.

टेप गुंडाळता गुंडाळता ते एकदम म्हणाले, "आमच्या पोराच्या टायमाला मी उसाला पाणी देत हुतो. कळालं तवा पोरगं दिवसाचं झाल्तं. म्हनून म्हनलं, नातवंडाच्या टायमाला तरी दारात असावं... तर तितनंबी हाकललं."

मी म्हटलं, "चला, हे उरकू. मग कुणी हाकललं तरी हलायचं नाही."

शेवटचा तुकडा राहिला होता आणि फोन वाजला. तो कठड्यावर. माझ्या दोन्ही हातांना टेप चिकटलेली, त्यांचे हात गच्चीवरच्या ओल्या धुळीच्या चिखलाने भरलेले. मी कोपराने कसाबसा स्पीकर लावला.

"मुलगी झाली," शैला म्हणाली. "दोघी ठणठणीत आहेत. या लवकर."

बाबूरावांनी डोळे पुसायला हात वर केला आणि सगळा चिखल गालाला लागला. मला म्हणाले, "वसंतराव... लक्ष्मी आली."

त्यांनी मला नावाने हाक मारली, ती पहिल्यांदा. आम्ही तसेच अर्धवट ओले, स्कूटरवर बसून निघालो. वाटेत त्यांनी मला थांबवून पेढे घेतले. हॉस्पिटलच्या दारात शैलाने आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "आधी हात धुवा, तोंडसुद्धा. मगच नातीला हात लावायचा."

नात इतकुशी... लालबुंद. बाबूराव तिला घेऊन खिडकीशी उजेडात जाऊन बसले. जड उसाच्या मोळ्या उचलणारा माणूस, पण डोकं असंच धरायचं ना, म्हणून शैलाला दोनदा विचारलं.

काल मायलेकी घरी आल्या. आज सकाळी बाळाला न्हाऊ घालणाऱ्या मावशींनी बाथरूमचा नळ सोडला. आम्ही दोघं आजोबा दाराबाहेर कान लावून उभे. आतून मावशींचा आवाज आला, "अगं बाई, पानी लई कडक हाय. विसन द्या लवकर."

आयुष्यात मला बढत्या मिळाल्या, सत्कार झाले... पण त्या 'लई कडक'इतकं कौतुक कशाचंच वाटलं नाही. बाबूरावांनी तर गार पाण्याची बादली स्वतः आत सरकवली.

आता ते राहुरीला परत निघालेत. मी म्हटलं, पुढच्या रविवारी तुमच्या पाईपलाही फोम चढवायला येतो. ते म्हणाले, "आमच्याकडं कुठला सोलर? आमचा बंब हाय."

मी म्हटलं, "असू दे. तरी येतो."