ज्वारीतलं जहाज

"हला की जरा. फोटो न्हाई, शूटिंग हाय हे."

लातूर भागातल्या लग्नांत त्या काळी हे वाक्य सगळ्यांच्या ओळखीचं होतं. व्हिडिओचा कॅमेरा समोर आला की आपली माणसं श्वास रोखून ताठ उभी राहत. तुम्हीही तशा कॅसेटी पाहिल्या असतील. नवरी पुतळ्यासारखी, वरमाई खांबासारखी, आणि पडद्यावर हलणारं काय, तर मंडपाची झालर. मग कॅमेऱ्यामागून हा आवाज यायचा आणि सगळं वऱ्हाड हसायचं. तेवढं हसू कॅमेऱ्यामागच्या माणसाला पुरे असायचं.

त्यांना सगळे शूटिंगमामा म्हणत. मूळचे देगलूरचे, आई तेलुगू बोलणारी. त्यामुळे थांबायला सांगताना ते 'थांबा' म्हणत नसत, 'आगा' म्हणत. भटजींनाही. मंगलाष्टकं चालू असताना अक्षता नीट दिसल्या नाहीत म्हणून त्यांनी "आगा, आगा" केलं आणि भटजी खरंच थांबले, असं एक लग्न मी स्वतः पाहिलं आहे.

मग भूकंप झाला.

पंचनाम्यासाठी मामांना तीन दिवस गावोगाव नेलं होतं. ज्या गावांत त्यांनी लग्नं टिपली होती, त्याच गावांतले ढिगारे त्यांनी टिपले. परत आले आणि त्यांनी कॅमेरा कपाटात ठेवून दिला. तरी दुकान बंद करता येईना. माणसं येऊ लागली होती. कुणाच्या बहिणीचं लग्न मामांनी काढलेलं, कुणाच्या पुतण्याची मुंज. घर गेलं, घरातले फोटो गेले, कॅसेटही गेली. मूळ प्रत मामांच्या फळीवर होती आणि गेलेली माणसं आता तेवढ्याच ठिकाणी चालत बोलत होती. मामा दोन व्हीसीआर जोडून दिवसभर प्रती काढत बसत. पडद्याकडे पाहत नसत. पण आवाज यायचाच, आणि त्यात त्यांचाच आवाज असायचा, हला की जरा. ते वाक्य त्यांनी पुढे बोलायचं सोडलं.

मामांशी माझी ओळख झाली ती यानंतर. मी नुकतीच शिक्षिका झाले होते. पत्र्याच्या शेडांच्या एका वस्तीत माझी नेमणूक होती. शाळेसाठीही पत्र्याची एक मोठी खोली बांधून दिली होती, पण पोरं आत यायला तयार नव्हती. छत म्हटलं की ती पांगायची. मी कडुनिंबाखाली वर्ग भरवायचे. मुलांसाठी, असं सांगायचे. खरं म्हणजे त्या खोलीत पाऊल टाकायला माझेही पाय तयार नव्हते. लातूरला घरी मी अंगणात झोपायचे आणि चपला उशाशी ठेवायचे.

मामा एकदा कुणाची तरी कॅसेट द्यायला वस्तीत आले आणि कडुनिंबाच्या मागे उभे राहून माझा भूगोलाचा तास ऐकू लागले. धडा समुद्राचा होता. वर्गात शोभा नावाची दहा वर्षांची मुलगी होती. तिचा धाकटा भाऊ भूकंपात गेला होता, आणि तेव्हापासून ती कामापुरतंही बोलत नव्हती. त्या दिवशी तिने हात वर केला.

"बाई, जहाजाला छत असतं का?"

मी म्हटलं, वर उघडंच असतं.

"आन् ते हललं तर?"

"जहाज हलतच असतं. रोज."

"मग लोकं पळत न्हाईत?"

मी म्हटलं, कुठे पळणार, सगळीकडे पाणी. वर्ग सुटल्यावर मामा पुढे आले. म्हणाले, बाई, मी समुद्र बघितलेला न्हाई, पण ह्या पोरांना घेऊन जहाजाचा पिक्चर काढून राहिलो. विचारलं नाही, सांगितलं.

पिक्चर समुद्री लुटारूंचा करायचा हे पोरांनी ठरवलं. गोष्टही त्यांचीच. समुद्राच्या तळाशी एक राक्षस झोपलेला असतो. तो कुशीवर वळला की लाटा उठतात आणि बंदरं बुडतात. लुटारूंची राणी ठरवते की त्याला मारायचं नाही, तो फार मोठा आहे. त्याच्या गुहेत शिरून त्याच्या पायात घुंगरमाळ बांधायची, म्हणजे तो वळायच्या आधी सगळ्यांना ऐकू येईल. ही गोष्ट ऐकताना मामांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती.

राणी शोभा झाली. राक्षस व्हायला एकही पोर तयार होईना. शेवटी तो मान मला मिळाला.

जहाज मोडक्या बैलगाडीवर उभं राहिलं. गाडीचं एक चाक सुकाणू झालं. शीड म्हणून मदतीत आलेली निळी ताडपत्री. फळ्या मात्र पडलेल्या घरांच्या, आणि त्या मागायला आमची जीभ उचलेना. आबा नावाचे एक म्हातारे स्वतःहून आपलं दार खांद्यावर घेऊन आले. "ह्या दारातून बाहेर पडलो म्हणून वाचलो," म्हणाले. "लावा जहाजाला."

समुद्राचं काय करायचं, हा प्रश्न वाऱ्याने सोडवला. वस्तीला लागून ज्वारी कंबरेला आली होती. वारा सुटला की रान या टोकापासून त्या टोकापर्यंत लहरत जायचं. मामांनी कपाटातून पुन्हा बाहेर काढलेल्या कॅमेऱ्यापुढे निळा जिलेटिन कागद धरला आणि मला आत बघायला लावलं. मी समुद्र पाहिलेला होता. तो समुद्रच होता.

ज्वारीत जहाज डुलवणं शक्य नव्हतं. मग मामाच डुलायचे. पन्नाशीचा, पोट सुटलेला माणूस कॅमेरा खांद्यावर घेऊन कंबरेतून डावीउजवीकडे झुलतो आहे आणि समोर तलवारी घेतलेली वीस पोरं हसू दाबून शूर चेहरे करताहेत, हे दृश्य पाहायला वस्ती जमायची. राणीच्या खांद्यावर पोपट हवा होता. पोपट मिळाला नाही म्हणून कोंबडी हिरवी रंगवली. ती दर लढाईत उडून शत्रूच्या बाजूला जायची.

सगळं झालं, गुहा राहिली. गुहेला अंधार हवा आणि अंधार फक्त पत्र्याच्या खोलीत होता. पोरं दारापर्यंत आली आणि परत फिरली. मी समजावू लागले तर मामा मलाच "आगा" म्हणाले. गुहा न्हाई झाली तर न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी जहाजावरचा प्रसंग चालू असताना जमीन हलली. धक्का लहानच होता, पण शेडांचे पत्रे एकदम खडखडले. मी खाली बसून मातीत बोटं रोवली. वस्तीत बायका पोरांना हाका मारू लागल्या. जहाजावर मात्र शोभाने चाक दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं.

"कुणी उतरायचं न्हाई," ती म्हणाली. "वल्हवा."

पोरांनी वल्ही मारली. पत्रे शांत होईपर्यंत ती वल्हवत राहिली, आणि मामांचा कॅमेरा चालू राहिला. मग शोभा खाली उतरली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "बाई, राक्षस जागा झालाय. तुमी आत जाऊन झोपा."

आता माझ्यावर आलं होतं. मी घोंगडी घेतली आणि खोलीत गेले. ती पंधरा पावलं मला जितकी लांब वाटली तितका लांब आयुष्यात कुठलाच रस्ता वाटला नाही. घोंगडीखाली मी डोळे मिटून पडले. पोरांची पावलं दाराशी थांबली, मग एकेक करून आत आली. कुणीतरी माझा पाय धरला. घुंगरमाळ बांधून झाली तरी घुंगरं वाजत होती, कारण माझा पाय थरथरत होता. मी तो दाबून धरू लागले.

"हलू द्या, बाई," मामांचा आवाज आला. "राक्षस हाय तुमी. हला की जरा."

आधी शोभा हसली, मग सगळे. ते हसू पिक्चरमध्ये तसंच राहिलं. गुहेत शिरलेले लुटारू इतके का हसतात, हे नंतर पाहणाऱ्या कुणाला कळायचं नाही.

पिक्चर दाखवायलाही ती खोलीच लागली, कारण रात्री वस्तीत वीज नसायची आणि उन्हात टीव्ही दिसत नाही. पोरं पुढे जाऊन बसली. मोठी माणसं दारात घुटमळली. आबा उंबऱ्यावरच बसले होते, पण तिथून त्यांना पडद्यावरच्या जहाजाला लावलेलं आपलं दार दिसेना म्हणून ते आत सरकले. त्यांच्या मागून बाकीचे. सोमवारपासून आमची शाळा आत भरू लागली.

पुढे लातुरात शिकवण्यांचे दिवस आले. गल्लोगल्ली क्लास, वसतिगृहं, खानावळी. लग्नांत नवीन कॅमेरेवाले आले तेव्हा मामांनी क्लासच्या गल्लीत फॉर्मसाठीचे फोटो काढायचं दुकान टाकलं. घरच्या आठवणीने चेहरा उतरलेलं पोर समोर बसलं की ते फोटो काढायचे थांबत. हिमायतनगरचा एक मुलगा चाचणीत नापास होऊन, बॅग भरूनच फोटोला आला होता. मामांनी त्याला रविवारी दुपारी बोलावलं आणि आमचा पिक्चर दाखवला. पुढच्या रविवारी तो आणखी चौघांना घेऊन आला. मग तो रिवाजच पडला. शोभा अकरावीला लातूरला आली तेव्हा तीही त्यांच्यात बसून पाहायची. ती राणी आपण आहोत हे मात्र तिने कुणाला सांगितलं नाही.

थकल्यावर मामा देगलूरला परत गेले. मी भेटायला गेले तेव्हा अंगाने अगदी वाळले होते. सुनेने चहा ठेवला. मामा पोरांची चौकशी करू लागले, पण नावांनी नव्हे, जहाजावरच्या कामांनी. नांगरवाला काय करतो? चाकूरला त्याचं ट्रॅक्टरचं गॅरेज आहे, मी सांगितलं. टेहळ्या? शिक्षक झाला. आणि राणी? नांदेडला नर्स आहे, दवाखान्यात पाचव्या मजल्यावर तिचा वॉर्ड. ते प्रत्येकाला मान हलवत होते.

"आन् तुमी, बाई?"

मी म्हटलं, नवीन घर घेतलंय. तिसऱ्या मजल्यावर.

"झोप लागती?"

"लागते."

"हाव?" ते म्हणाले, आणि चहा बशीत ओतून त्यावर फुंकर घालत कितीतरी वेळ स्वतःशीच हसत राहिले. त्यानंतर महिनाभरात ते गेले. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते असं.