टाकीवरचे दात

तळोज्याच्या आमच्या कारखान्यात लोखंडी पाइपांवर जस्त चढवायचे. त्याआधी पाइप ॲसिडच्या टाकीत बुडवून गंज काढावा लागे, आणि त्या टाकीवर मी होतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मास्क म्हणजे तोंडाला गुंडाळलेला रुमाल. घसा धरू नये म्हणून कंपनी रोज प्रत्येकाला गुळाचा खडा द्यायची. आम्ही तो चावून खायचो नाही. गालात धरून अख्खी पाळी काढायचो. त्या खात्यात गोड म्हणावं असं तेवढंच होतं, ते घाईने कोण संपवणार?

वर्षभरात माझे समोरचे दात आखूड झाले. आधी गार पाण्याने कळ यायची, मग तीही थांबली. मला वाटलं, बरं झालं. बायको म्हणाली, "अहो, हसताना तुमचे दात दिसतच नाहीत आता." मी म्हटलं, हसतो कुठे?

तिने ढकललं म्हणून कामगारांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "लिंबं चोखता का?" मी काम सांगितलं, गूळही सांगितला. त्या म्हणाल्या,

"वाफ दात झिजवते, गूळ किडवतो. गूळ बंद करा आणि टाकीवरून बदली मागा. नाहीतर पुढचे चार जाणार."

गूळ सोडला. टाकी सोडणं माझ्या हातात नव्हतं. फोरमनसमोर तोंड उघडून उभा राहिलो. लोक हात दाखवून अवलक्षण करून घेतात, मी दात दाखवून केलं. फोरमन तिथल्याच गावचा, बोलायला गोड. "बगू रे, बदली मानूस भेटला का काडतो तुला." दर पगाराला मी आठवण करायचो आणि तो "बगू" म्हणायचा.

शेवटी हिरडीत पू झाला, चारही दात काढावे लागले. रजा शिल्लक नव्हती. सुई दिलेलं तोंड घेऊन तसाच दुसऱ्या पाळीला गेलो. ओठ आहे की नाही तेच कळत नव्हतं. चहा हनुवटीवरून ओघळतोय, हे शेजारच्याने सांगितलं.

त्याच दिवशी बदली माणूस खरंच आला होता. मी फोरमनकडे गेलो. त्याने माझ्या तोंडात नीट वाकून पाहिलं.

"त्याला पॅकिंगला टाकतो. त्याचे दात हायेत अजून. तुजे तर गेले, आता ॲसिड काय खानार? तूच ऱ्हा टाकीवर."

मला राग यायला हवा होता. मला ते पटलं.