दुसरा गिअर

आमच्या जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह जीपचा दुसरा गिअर घाटात निसटायचा. गाडी मी चालवायचे आणि शेजारी बसलेले माझे यजमान गिअरचा दांडा घट्ट धरून ठेवायचे. परवा गिअरबॉक्स दुरुस्त करून घेतला. मेकॅनिक म्हणाला, "दांड्यावर हात दाबून ठेवू नका, त्यानंही आतले भाग झिजतात." म्हणजे गिअर निसटायचा म्हणून हात होता, की हात होता म्हणून गिअर निसटायचा?

येताना अख्ख्या घाटात गिअर जागचा हलला नाही. हे मात्र परक्याच्या गाडीत बसल्यासारखे अवघडून बसले होते.

"आता मी काय करू?" त्यांनी विचारलं.

"बाहेर बघा की!"

ते बाहेर बघत राहिले. गाडी कधी नव्हे इतकी छान चालली होती. मग मला असं चुकल्याचुकल्यासारखं का होत होतं, ते घर आलं तरी कळलं नाही.